एसी चालू, गॅस भरलेला, तरी जाळीतून गरम हवा: गाडीच्या फ्लॅप मोटरविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की जळगाव, भुसावळ, धुळे, शहाद्याकडून एकाच तऱ्हेचे प्रश्न यायला लागतात. पारा ४२ च्या वर गेलाय, गाडीचा एसी गार करत नाही, गॅस भरून झाला, पैसे गेले आणि हवा होती तशीच आहे. यातल्या बऱ्याच गाड्यांत गॅसचा काही दोषच नसतो. डॅशबोर्डच्या आत मुठीत मावेल एवढी एक मोटर बिघडलेली असते. ती कशी ओळखायची आणि कशी बदलायची याबद्दल लोक जे विचारत राहतात, ते इथे एकत्र केलं आहे.

१. फ्लॅप मोटर म्हणजे काय? ती करते काय?

डॅशबोर्डमागे प्लॅस्टिकची एक मोठी पेटी असते. ब्लोअर हवा या पेटीत ढकलतो. हवा आधी कूलिंग कॉइलवरून जाते आणि गार होते. पुढे हीटर कोअर असतो, त्यात इंजिनचं गरम कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) फिरत असतं. गार झालेल्या हवेतली किती हवा हीटरवरून न्यायची आणि किती बाजूने सोडायची, हे एक झडप ठरवते. तुम्ही १८ अंश लावा की २६, कॉम्प्रेसर आपलं काम करत राहतो. फरक मुख्यतः या झडपेच्या जागेत पडतो.

अशा तीन झडपा असतात. एक तापमानाची. दुसरी दिशेची, म्हणजे हवा तोंडावर, पायांवर की काचेवर ते ठरवणारी. तिसरी बाहेरची हवा घ्यायची की आतलीच फिरवायची ते ठरवणारी. दोन बाजूंना वेगवेगळं तापमान लावता येतं अशा गाडीत तापमानाच्या झडपा दोन असतात. प्रत्येक झडपेला एक मोटर. आत छोटी डीसी मोटर, तिचा वेग कमी करणारे प्लॅस्टिकचे गिअर आणि झडप कुठे आहे ते एसीच्या पॅनेलला (बटणांमागच्या कंट्रोल युनिटला) कळवणारा सेन्सर. कंपनीच्या कागदावर अ‍ॅक्च्युएटर, गॅरेजात फ्लॅप मोटर.

२. माझ्या गाडीत तापमानाचा साधा गोल नॉब आहे. त्यातही मोटर असते का?

बहुतेक नसते. नॉब फिरवताना हाताला ओढ जाणवत असेल तर मागे केबल आहे. केबल क्लिपमधून निसटते किंवा तिचं टोक तुटतं, आणि लक्षणं मोटर गेल्यासारखीच दिसतात. ग्लोव्ह बॉक्स काढून बघा, निसटलेली केबल पुन्हा बसवणं अगदी किरकोळ काम आहे. नॉब लोण्यासारखा मऊ फिरत असेल किंवा तापमान आकड्यात दिसत असेल तर मोटर आहे. काही गाड्यांत दोन्ही असतं: तापमानाला केबल आणि आतल्या-बाहेरच्या हवेला मोटर.

३. मोटर बिघडली हे कोणत्या लक्षणांवरून कळतं?

तापमान कितीही बदला, हवा एकसारखीच राहते. एका बाजूने गार, दुसऱ्या बाजूने गरम (प्रश्न ८ पाहा). गाडी चालू केल्यावर डॅशबोर्डमागून टक-टक-टक (प्रश्न ६). तोंडावर लावलेली हवा काचेवरच जाते. आतली हवा फिरवायचं बटण दाबलं तरी बाहेरचा धूर आत येतो (प्रश्न ९). ब्लोअरचा जोर मात्र या सगळ्यांत पूर्वीसारखाच असतो. जोरच कमी झाला असेल तर आधी केबिन फिल्टर बघा.

४. गॅस कमी आहे की झडप अडकलीय, हे घरच्या घरी कसं ओळखू?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण पैसे इथेच वाया जातात. एक गोष्ट आधी पक्की लक्षात घ्या: एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. दरवर्षी मे महिन्यात गॅस भरावा लागत असेल तर गळती आहे आणि ती शोधायला हवी. गळती नसेल तर दुखणं दुसरंच आहे.

आता तपासणी. गाडी सावलीत लावा, इंजिन चालू, एसी चालू, तापमान सगळ्यांत कमी, ब्लोअर मधल्या वेगावर, आतली हवा फिरती ठेवा. दहा मिनिटांनी बॉनेट उघडा. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून अ‍ॅल्युमिनियमच्या दोन नळ्या आत जातात, एक जाड आणि एक बारीक. जाड नळीला हात लावा. हात, बाही, ओढणी, काहीही पंख्याच्या आणि बेल्टच्या जवळ जाऊ देऊ नका. नळी चांगली थंडगार लागली आणि आत जाळीतून मात्र गरम हवा येत असेल, तर गॅस, कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारा, रेडिएटरसारखा भाग) आपलं काम करताहेत. गार झालेली हवा पुढे हीटरवरून जाऊन पुन्हा तापते आहे. दोष झडपेचा आहे. नळीच गार नसेल तर मात्र गॅस, कॉम्प्रेसर, पंखा या बाजूने शोध घ्या.

दुसरी खूण सकाळची. रात्रभर उभी असलेली गाडी चालू करून लगेच एसी लावा. पहिली काही मिनिटं हवा गार आणि इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढेल तशी हवा गरम होत गेली, तर हीटर मध्ये येतोय हे जवळजवळ नक्की. इथे एक फसगत होऊ शकते. कंडेन्सरचा पंखा मंद असला तरी उभ्या गाडीत हवा गरम होत जाते. पण ती गाडी हायवेला लागली की पुन्हा गार करते. झडप अडकलेली गाडी हायवेवरही गरमच राहते.

५. गाडीखाली पाणीच टपकत नाही. म्हणजे एसी चालत नाहीये ना?

आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही खूण धरू नका. ते पाणी म्हणजे हवेतला ओलावा, तो कॉइलवर जमून खाली पडतो. खान्देशात एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की उत्तम चालणारा एसीही फारसं पाणी सोडत नाही. तीच गाडी मुंबईला न्या किंवा जुलै येऊ द्या, धार लागेल. याच कारणाने नळीला घाम आलाय का हे बघण्यापेक्षा ती हाताला किती थंड लागते ते बघा.

६. डॅशबोर्डमागून टक-टक आवाज येतो आणि थोड्या वेळाने थांबतो. काळजी करायची का?

मोटर फिरतेय पण गिअरचे दात झिजलेत किंवा तुटलेत, म्हणून दात सटकत राहतात. पॅनेल झडपेला ठरलेल्या जागी न्यायचा प्रयत्न करतं, ती पोहोचत नाही, मग पॅनेल नाद सोडतं आणि आवाज थांबतो. गाडीला लगेच धोका नाही. पण आज आवाज आहे, तर पुढे झडप एका जागी अडकून बसेल, आणि ती गरम बाजूला अडकली तर मेमध्ये गाडीत बसवणार नाही. भाग सवडीने शोधायचा असेल तर आवाज सुरू झाला तेव्हाच शोधा.

आवाज नेमका कुठल्या मोटरचा हे ओळखायला इग्निशन ऑन करा, इंजिन बंद ठेवा, ब्लोअर बंद किंवा अगदी मंद ठेवा. तापमान लो वरून हाय, हाय वरून लो करा. मग दिशा बदला. मग आतली-बाहेरची हवा बदला. ज्या बटणाला टक-टक येते ती मोटर.

७. बॅटरी बदलल्यावर हा आवाज सुरू झाला. आधी नव्हता, दादा.

वीज तुटल्यावर पॅनेल झडपांच्या जागा विसरू शकतं. मग इग्निशन दिल्यावर प्रत्येक झडप दोन्ही टोकांना नेऊन ते पुन्हा मोजमाप घेतं. त्या वेळी थोडा आवाज येणं चालतं. दोन-चार वेळा गाडी चालू-बंद केल्यावरही टक-टक राहिली, तर गिअर आधीच कमजोर होते आणि टोकापर्यंत जाण्याचा ताण त्यांना सोसला नाही.

८. ड्रायव्हरकडे गार, शेजारी बसणाऱ्याकडे गरम. मोटरच ना?

बहुधा हो, पण घाई करू नका. गॅस अर्धवट असला तर कॉइलचा एकच भाग गार होतो, आणि तेव्हाही दोन्ही बाजूंच्या हवेत फरक पडतो. म्हणून आधी प्रश्न ४ मधली नळीची तपासणी करा. मग दोन्ही बाजू पूर्ण हाय वर न्या, नंतर दोन्ही लो वर. गरम बाजूला कुठल्याच सेटिंगने बदल होत नसेल तर त्या बाजूची मोटर. बदल होतोय, फक्त पुरेसा गारवा येत नाही, असं असेल तर गॅसचा दाब तपासून घ्या.

९. आतली हवा लावली तरी ट्रकचा धूर आणि जिनिंगजवळची कापसाची धूळ आत येते. शिवाय दुपारी गारही होत नाही.

ही तिसरी झडप, आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ती बाहेरच्या हवेवर अडकली असेल तर एसीला दर क्षणी ४४-४५ अंशांची हवा गार करावी लागते. आतलीच हवा फिरली तर ती फेरीगणिक थंड होत जाते. म्हणून आपल्या भागात ही मोटर गेली की लोकांना एसीच कमजोर झाला असं वाटतं.

तपासायला सोपी आहे. ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवा आणि आतली-बाहेरची हवा बदला. आतली हवा लावताच ग्लोव्ह बॉक्सच्या बाजूने आवाज मोठा व्हायला हवा. काहीच बदल नाही, तर झडप हलत नाहीये. मोटरला दोष देण्याआधी काचेखालची जाळी उघडून बघा. गाडी कडुनिंबाखाली उभी राहत असेल तर तिथे पाल्याचा खच साचतो आणि तो थेट या झडपेत जाऊन अडकतो. शेतात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी घरटं केलेलंही सापडतं. पाला काढल्यावर झडप चालू झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे हे पाहिल्याशिवाय भाग मागवू नका.

१०. आमची सात सीटची गाडी आहे. लग्नाला जाताना मागचे म्हणतात थंडी वाजते आणि पुढे आम्ही घामाघूम. असं कसं?

ही फार कामाची खूण आहे. अशा बऱ्याच गाड्यांत मागच्या एसीला फक्त कूलिंग कॉइल असते, हीटर नसतो. गॅस आणि कॉम्प्रेसर दोन्हीकडे एकच. मागे कडक गार म्हणजे गॅस ठीक आहे. पुढे गरम म्हणजे पुढच्या पेटीतली झडप हीटरकडे उघडी राहिली आहे. पुढच्या कॉइलचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस सोडणारा) चोंदल्यावरही असं होतं, पण मग पुढची जाड नळी गार लागत नाही.

११. लो वर कडक गार, पण २४ वर ठेवलं की गरम हवा. हीसुद्धा मोटर का?

झडप लो वर नीट पोहोचतेय, म्हणजे मोटर टोकापर्यंत जातेय. आपोआप तापमान राखणाऱ्या एसीत केबिनचं तापमान मोजणारा एक सेन्सर डॅशबोर्डवरच्या छोट्या जाळीमागे असतो. लो लावलं की बहुतेक गाड्या सेन्सरकडे न बघता पूर्ण गार हवा सोडतात. २४ वर मात्र सेन्सरचं ऐकतात. त्या जाळीत धूळ बसली असेल तर हिशोब चुकतो. जाळी मऊ ब्रशने साफ करून बघा. त्याने भागलं नाही तर मोटरमधल्या सेन्सरची पट्टी मधल्या भागात झिजलेली असू शकते, ती पुढच्या प्रश्नातल्या तपासणीत कळते.

१२. मल्टिमीटर आहे. मोटर, वायर की पॅनेल, हे कसं ठरवू?

आधी एक साधा विचार. तिन्ही झडपा एकाच वेळी बंद पडल्या तर तिन्ही मोटरी एकदम गेलेल्या नसतात. फ्यूज, वायरिंग किंवा पॅनेल बघा.

एकच बंद असेल तर मोटरच्या कपलरमधल्या (वायरींच्या प्लगमधल्या) वायरी मोजा. पाच वायरी असतील तर साधारणपणे दोन मोटरच्या आणि तीन सेन्सरच्या असतात: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. काही गाड्यांत पाच-सहा वायरींची स्टेपर मोटर असते, तिला हे माप लागू पडत नाही, म्हणून गाडीचा वायरिंगचा नकाशा बघून घ्या. साध्या मोटरीत कपलर जोडलेला ठेवून मागून पिन लावा आणि तापमान बदला. झडप हलायच्या वेळी मोटरच्या दोन वायरींवर बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज यायला हवं, आणि उलट दिशेला बदललं की चिन्ह उलटायला हवं. व्होल्टेज येतंय आणि मोटर ढिम्म, तर मोटर गेली. व्होल्टेजच येत नाही, तर वायर किंवा पॅनेल. सिग्नलच्या वायरीवर झडपेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत सलग बदल दिसावा. मध्येच आकडा उडाला तर सेन्सरची पट्टी झिजली आहे.

तीनच वायरी असतील तर मोटरमध्ये स्वतःचं सर्किट असण्याची शक्यता जास्त. तिला बॅटरीची वीज थेट लावू नका, जळेल. तिथे स्कॅनरच (गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) हवा.

सगळ्यांत खात्रीची तपासणी मीटरची नाही. मोटर काढा आणि झडपेचा दांडा बोटांनी फिरवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो हलका फिरला तर झडप चांगली, दोष मोटरचा. जड चालला किंवा अडला तर आत काहीतरी अडकलंय, आणि नवी मोटर लावली तरी तिचे गिअर तुटतील. काचेजवळच्या फटीतून पेन, नाणी, टोलच्या पावत्या आत पडतात, त्या दिशेच्या झडपेत सापडतात.

१३. ऑनलाइन घेतलेल्या स्वस्त स्कॅनरमध्ये काहीच कोड येत नाही. म्हणजे सगळं ठीक?

नाही. तो इंजिनचे कोड वाचतो. एसीच्या पॅनेलचे कोड बी अक्षराने सुरू होतात आणि ते वाचायला त्या कंपनीच्या गाडीला चालणारा स्कॅनर लागतो. काही गाड्यांत पॅनेलची दोन बटणं एकत्र दाबून स्वतःची तपासणी सुरू होते; गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ती जोडी दिलेली असते.

१४. मोटर स्वतः बदलता येईल का? कशी?

हात पोहोचत असेल तर येते. आतल्या-बाहेरच्या हवेची मोटर बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असते, ती सोपी. तापमानाची मोटर पेटीच्या बाजूला, कित्येकदा ड्रायव्हरच्या पेडलच्या वर डाव्या बाजूला असते. तिथे पाय बाहेर ठेवून, डोकं पेडलजवळ घालून, उताणं पडून काम करावं लागतं. वय झालेल्यांनी, पाठीचा त्रास असलेल्यांनी हे दुसऱ्याकडून करून घ्यावं.

काढण्याआधी तापमान पूर्ण लो वर न्या, म्हणजे झडप कुठल्या टोकाला आहे ते माहीत राहतं. इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि दहा मिनिटं थांबा. हे एअरबॅगसाठी आहे. डॅशबोर्डखाली पिवळे कपलर दिसतील, ते एअरबॅगचे. त्यांना हात लावू नका, मीटरची पिन तर अजिबात लावू नका. ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली येतो. बाजूची दोरी किंवा डँपर आधी सोडवा. उन्हाने तापून तापून जुन्या गाडीचं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, क्लिपा जोराने ओढू नका.

कपलरची जीभ दाबून तो काढा. मोटर दोन किंवा तीन स्क्रूंवर असते. मागचा स्क्रू दिसत नाही, फक्त हाताला लागतो. चुंबक असलेला छोटा स्क्रूड्रायव्हर तिथे कामाला येतो. मोटर काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. मग दांडा बोटांनी फिरवून बघा (प्रश्न १२).

नव्या मोटरचं भोक आणि झडपेचा दांडा एका रेषेत यायला हवा. दांड्याला एक बाजू सपाट असते. बसत नसेल तर ठोकू नका, दांडाच फिरवून जुळवा. मोटर हातात धरून वीज देऊन मोकळी फिरवण्याचा मोह टाळा. ती झडपेच्या हद्दीबाहेर जाते आणि मग बसवताना जुळत नाही. स्क्रू प्लॅस्टिकमध्ये जातात, हाताने आवळा, ड्रिल लावू नका.

१५. नवी मोटर लावली, पण तापमान उलटंच झालं. लो वर गरम, हाय वर गार!

दोन शक्यता. पॅनेलला नव्या मोटरची टोकं अजून माहीत नाहीत. बॅटरी जोडा, इग्निशन ऑन करा आणि काही मिनिटं एकाही बटणाला हात लावू नका, म्हणजे ते मोजमाप घेईल. काही गाड्यांत एसीच्या पॅनेलचा फ्यूज मिनिटभर काढून परत लावावा लागतो, काहींत हे स्कॅनरनेच होतं. एवढं करूनही उलटच राहिलं तर भाग चुकीचा आहे. दिसायला जशीच्या तशी मोटर उलट दिशेने फिरणारी असू शकते. जुन्या मोटरवरच्या स्टिकरचा नंबर अक्षरशः जुळवूनच नवी घ्या. गाडीचं नाव आणि साल सांगून घेतलेली मोटर पुष्कळदा चुकते.

१६. भर मे महिना आहे आणि भाग यायला वेळ लागणार. तोवर काय करू, भाऊ?

तापमानाची मोटर काढून टाका, झडपेचा दांडा हाताने पूर्ण गार बाजूला फिरवा आणि केबल टायने तिथेच पक्का बांधा. सुटा कपलर टेप गुंडाळून पेडलपासून दूर अडकवून ठेवा. तापमान बदलता येणार नाही, पण जून लागेपर्यंत गार हवा मिळेल; ब्लोअरचा वेग कमी-जास्त करून भागवा. गार बाजू कोणती ते बांधण्याआधी, इंजिन तापलेलं असताना हवेवर हात धरून खात्री करून घ्या. पावसाळा सुरू व्हायच्या आत मात्र मोटर लावा. पावसातही काच आतून धुरकट होते; का ते प्रश्न १८ मध्ये आहे.

१७. जुनीच मोटर उघडून दुरुस्त होते का? भंगारातली लावू का?

ग्रीस सुकल्याने जड झाली असेल तर साफ करून पातळ सिलिकॉन ग्रीस लावल्यावर चालते. तुटलेला गिअर चिकटवून टिकत नाही, तो वेळ घालवू नका. भंगारातली मोटर नंबर जुळत असेल तर घ्या, पण तिने तुमच्या मोटरइतकाच उन्हाळा खाल्लेला असतो. दांडा सहज हाताला लागत असेल तर ठीक. ज्या मोटरसाठी अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, तिथे नवीनच लावा; मजुरी दोनदा देण्यात अर्थ नाही.

१८. थंडीत सारंगखेड्याच्या यात्रेहून रात्री येताना काच आतून धुरकट होते, पुसली तरी पुन्हा होते. याचा मोटरशी संबंध आहे?

आहे. गाडीत माणसं भरलेली, बाहेर गारठा, श्वासाचा ओलावा काचेवर जमतो. तो काढायला तीन गोष्टी एकदम लागतात: हवा काचेवर, बाहेरची हवा चालू, आणि एसीसह तापमान गरम बाजूला. एसी हवा कोरडी करतो, हीटर ती तापवतो. म्हणजे तिन्ही झडपा योग्य जागी हव्यात. एकही अडकली तर काच साफ होत नाही, आणि रात्री समोर न दिसणं हे उन्हाळ्यातल्या घामापेक्षा कितीतरी गंभीर आहे. दिशेची मोटर बिघडली असेल तर ती पुढे ढकलू नका.

१९. हायवेवर तासाभराने हवाच येईनाशी होते, एसी बंद करून थोडं थांबलं की परत येते.

मोटर नाही. कॉइलवर बर्फ जमतोय. कॉइलचा तापमान सेन्सर, गॅसचा दाब आणि केबिन फिल्टर तपासा.

२०. नवी मोटर आवाजासकट फिरतेय, पण हवेत काडीचा फरक नाही.

झडपेचा दांडा आतून तुटलाय किंवा झडपेवरचा फोम झडलाय. जाळीतून काळा चुरा येत असेल तर फोमच समजा. यासाठी पेटी उघडावी लागते, म्हणजे डॅशबोर्ड उतरवणं, गॅस काढणं, कूलंट काढणं. ते काम घरी करू नका. आणि पेटी उघडलीच आहे तर कॉइल आणि हीटर कोअर गळत नाहीत ना, ते त्याच वेळी बघून घ्या.

२१. मेकॅनिक म्हणतो, कशाला मोटर बदलता, हीटरचा पाइपच बंद करून टाकू. करू का?

उन्हाळ्यापुरता उपाय म्हणून तो चुकीचा नाही. हीटरमध्ये गरम कूलंटच गेलं नाही तर झडप कुठेही असो, हवा तापणार नाही. पण नुसते बूच मारू नका. काही इंजिनांत हीटरची वाट कूलंटच्या फेरीचाच भाग असते; म्हणून दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून फेरी चालू ठेवा. हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करा, आणि नंतर कूलंटची पातळी भरून आतली हवा काढा.

नुकसान दोन ठिकाणी होतं. काचेवरचा ओलावा काढताना गरम हवा मिळत नाही. आणि चाळीसगावहून कन्नड घाट चढताना किंवा तोरणमाळच्या वाटेवर भरल्या गाडीचा काटा वर जायला लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर पूर्ण वेगावर लावला की इंजिनची बरीच उष्णता केबिनमधून बाहेर पडते. काचा उघड्या ठेवायच्या, गाडी थांबवायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत तेवढं पुरतं. पाइप बंद केलेल्या गाडीत हा उपाय चालत नाही. घाटाचा प्रवास ठरलेला असेल तर त्याआधी पाइप पूर्ववत करून घ्या.